सायलेन्सर घरी बदलायचा की मिस्त्रीकडे? आधी पुढचे दोन नट बघा

गेल्या दसऱ्याच्या आधी एका सकाळी गाडीला किक मारली आणि आधी वाटलं, शेजारच्या पोरानं बुलेट घेतली. मग कळलं, आपलीच फटफटतेय. २०१५ ची, सव्वाशे सीसीची साधी गाडी. अनगोळ ते टिळकवाडी, टिळकवाडी ते शहापूर, फार तर खडेबाजार, बेळगावातला एवढाच तिचा मुलूख. खाली वाकून बघितलं तर सायलेन्सरच्या पोटाला, चाकाच्या बाजूनं, रुपयाएवढं भोक. कडेला नख लावलं तर पत्रा पापडासारखा मोडला.

त्याच आठवड्यात खानापूरच्या चुलतभावाचा फोन. "दादा, माझी पण फुटली. तुझी तू घरीच काढलास म्हणं? मी पण काढू काय?"

माझी मी घरी काढली होती, हे खरं. त्याला मात्र म्हटलं, तू हात लावू नको, सरळ मिस्त्रीकडे घाल. त्याला ते लागलं. पाने हाणण्यात तो माझ्यापेक्षा वाकबगार आहे, घरच्या पॉवर टिलरचं इंजिन तो स्वतः उतरवतो. पण हा निर्णय हाताच्या कसबावर ठरत नाही. ठरतो तो इंजिनाच्या डोक्याला, म्हणजे हेडला, बेंड पाइप (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाइप) जिथं बसतो, तिथल्या दोन नटांवर. ते नट आणि ज्या स्टडवर, म्हणजे हेडमधून बाहेर आलेल्या आटीच्या दांड्यांवर, ते बसलेत ते स्टड धड असतील, तर नवशिक्यानंही घरी करावं. नसतील, तर कसलेल्यानंही आधी विचार करावा.

दोन गाड्या, दोन तऱ्हेचा गंज

माझी गाडी आतून सडली, भावाची बाहेरून. फरक नीट कळला तर पुढचं बरंच सोपं होतं.

पेट्रोल जळतं तेव्हा पाणी तयार होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी, वाफेच्या रूपानं, सायलेन्सरमधून बाहेर पडतं. लांब पल्ल्याला सायलेन्सर चांगला तापतो आणि ही वाफ निघून जाते. माझ्यासारखा माणूस दोन किलोमीटर जाऊन गाडी बंद करतो, तेव्हा सायलेन्सर कोमट झालेला असतो, तापलेला नसतो. वाफ आतच थंडावते, तळाला पाणी साचतं, त्यात धुरातली आम्लं मिसळतात आणि पत्रा आतून खायला लागतात. बऱ्याच सायलेन्सरना तळाशी एक बारीक भोक असतं, साचलेलं पाणी गळावं म्हणून. माझ्या गाडीचं ते भोक काजळी आणि चिखलानं बुजलं होतं. आठ वर्षांत एकदा सुई घालून मोकळं केलं असतं तर? असो. वरून क्रोम अजून चकचकीत होता, म्हणूनच लक्ष गेलं नाही.

भाऊ रोज खानापूर-बेळगाव करतो, जाऊन-येऊन पन्नास-बावन्न किलोमीटर. त्याचा सायलेन्सर रोज खणखणीत तापतो, आतून तो कोरडा आहे. पण जून ते सप्टेंबर खानापूर तालुक्याचा पाऊस आणि ती तांबडी माती. पुढच्या चाकानं उडवलेला चिखल सरळ बेंड पाइपवर आणि हेडच्या तोंडाशी बसतो, तिथं भाजून विटेसारखा घट्ट होतो, पुढच्या पावसात पुन्हा ओला होतो आणि ओल धरून ठेवतो. त्याच्या गाडीचे पुढचे नट बघितले तेव्हा त्यांना सहा कोपरे होते की नाही हेच कळेना. दोन गंजलेल्या सुपाऱ्या चिकटवल्यासारख्या दिसत होत्या.

म्हणून म्हणतो, भोक कुठं पडलंय हे नंतर बघा. आधी टॉर्च घ्या, गाडी मेन स्टँडवर लावा, पुढं उकिडवे बसा आणि ते दोन नट बघा. कोपरे शाबूत आहेत का, नटाच्या बाहेर स्टडची दोन-तीन आटी दिसतात का, आटी भरलेली आहेत की गंजानं खाऊन बारीक झालीत. डोम नट असेल, म्हणजे टोपीसारखा बंद, तर नशीब चांगलं. आतली आटी पाण्यापासून वाचलेली असण्याची शक्यता जास्त.

मोडलेल्या स्टडची गोष्ट

हे मला एका जुन्या गाडीनं शिकवलं. तेव्हा मी पंचविशीत होतो आणि जोर लावला की काहीही सुटतं अशी माझी समजूत होती. नट सुटेना म्हणून पान्याच्या दांड्यात पाइप घातला. एरवी नट सुटतो तेव्हा 'कट्' असा कोरडा आवाज येतो आणि हाताला एकदम हलकं लागतं. त्या दिवशी आवाज आला नाही. पाना मऊ फिरायला लागला, रबराला पीळ घातल्यासारखा. मला वाटलं, सुटतोय. तो सुटत नव्हता, स्टड पिळवटत होता. पाव फेऱ्यात नट स्टडच्या तुकड्यासकट हातात आला आणि उरलेला स्टड हेडमध्ये, तोंडाच्या पातळीला.

शेजारचे काका गेटातूनच म्हणाले, "काय करालास रे? मोडलास काय?" त्यांना काय सांगणार!

हेड ॲल्युमिनियमचं, स्टड पोलादी. दोन धातू वर्षानुवर्षं तापत-थंड होत एकमेकांना धरून बसतात. मोडलेला स्टड काढायचा म्हणजे त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग मारायचं आणि गरम असतानाच हळूहळू फिरवायचं. नाही तर मधोमध ड्रिल मारून बाहेर काढायचा. ड्रिल जरा तिरकं गेलं की हेडची आटी गेली, मग तिथं तारेची नवीन आटी बसवायची. घरातल्या हँड ड्रिलचं हे काम नाही. आपल्या बेळगावात एक सोय आहे. उद्यमबागेत फाउंड्री, लेथ आणि मशीन शॉप यांची कमी नाही, असलं काम तिथल्या कुणा जाणकाराच्या हाताला रोजचं असतं. मी गाडी टेम्पोत घालून तिकडे नेली. टेम्पोचं भाडं आणि कामाची मजुरी मिळून मिस्त्रीच्या सायलेन्सर बदलण्याच्या मजुरीच्या सातपट पैसे गेले. रविवार गेला तो वेगळाच.

तेव्हापासूनचा नियम: पाना मऊ लागला की थांबायचं. मागे फिरवायचं, आवळायच्या बाजूला जरासं न्यायचं, तेल सोडायचं, परत सोडवायला लावायचं. असं पुढं-मागं करत नट येतो. कधी कधी नटासकट अख्खा स्टडच हेडमधून बाहेर येतो. त्याला घाबरू नका, ते उलट बरं. स्टड बदलता येतो. दोन नट एकमेकांवर आवळले की नवीन स्टड हेडमध्ये फिरवून बसवता येतो.

मग घर, गल्लीतला मिस्त्री, की सर्व्हिस सेंटर?

मिस्त्रीला हे काम पंचवीस मिनिटांचं. मला पहिल्यांदा पावणेतीन तास लागले, त्यातला अर्धा तास खाली पडलेला वॉशर शोधण्यात गेला. आमच्याकडच्या मिस्त्रीनं मजुरी सांगितली होती २०० रुपये. घरी करायचं म्हणून मी जे पाने घेतले त्यांनाच साडेसहाशे लागले. एका सायलेन्सरपुरता हिशेब केला तर घरी करणं तोट्याचं, हे मान्य करून टाका. पाने पुढं दहा वर्षं राहतात, चेन आवळायला, ब्रेक ॲडजस्ट करायला लागतात, असं धरलं तर गणित बदलतं. ज्यानं पान्याचा डबा एकदा वापरून माळ्यावर टाकायचा, त्यानं मिस्त्रीकडे जावं.

घरी करण्याचा खरा फायदा पैशात नाही. मिस्त्री घाईत असतो, आणि खंडेनवमीच्या आदल्या आठवड्यात तर विचारूच नका. सगळं बेळगाव गाड्या धुवायला आणि दुरुस्त करायला एकदमच बाहेर काढतं. त्या घाईत जुना गॅस्केट, म्हणजे हेड आणि पाइपच्या जोडातली कडी, तसाच ठेवला जातो, किंवा पुढचे नट शेवटी आवळले जातात. दोन्हींची फळं महिन्याभरानं कळतात. घरी आपण एकाच गाडीला पूर्ण दुपार देतो.

आणि मिस्त्रीचा खरा फायदा कसब एवढाच नाही. त्याच्याकडे गॅस कटर असतो, किंवा दोन दुकानं सोडून वेल्डर असतो. नट तापवून लाल करणं आणि लगेच पाना घालणं, हे आपण अंगणात पेट्रोलच्या टाकीखाली करू शकत नाही, करूही नये. भावाचे नट तसेच निघाले. त्याच्या मिस्त्रीमामांनी आधीच्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये हिशेब केला, पोऱ्याला हिंदीत "दस का पाना ला" म्हणाले आणि भावाकडे वळून मराठीत, "हे नट नव्हंत बाबा, ह्यो दगड आहे." आमच्या गॅरेजांत भाषा तीन असतात, पण पाना तिन्हींत पानाच.

सर्व्हिस सेंटरबद्दल थोडक्यात. गाडी वॉरंटीत असेल तर दुसरा विचारच नको. बीएस-६ गाडी, म्हणजे धुराच्या नव्या नियमांतली, असेल तरी तिथं जाण्यात अर्थ आहे, त्याबद्दल खाली. बाकी जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला तिथं नेलं तर भाग बरोबर मिळतो, पण तो मागवेपर्यंत थांबावं लागतं, आणि परत येताना बिलात सायलेन्सरशिवाय आणखी चार गोष्टी आलेल्या असतात. माझा तरी अनुभव असाच. जांबोटी-कणकुंबीकडच्या माणसाला त्यासाठी गाडी फटफटत खानापूर किंवा बेळगाव गाठावं लागतं. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, ते तिकडूनच भाग आणतात.

एक मधला रस्ता, जो मला सगळ्यात पटतो

सायलेन्सर घरी काढायचा, पिशवीत घालून वेल्डरकडे न्यायचा, परत आणून घरी बसवायचा. गाडीवरच वेल्डिंग मारून घेऊ नका. टाकी जवळ असते, ठिणगी उडते. इंजेक्शनच्या गाडीत वेल्डिंगचा करंट ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरपर्यंत, पोचू शकतो, निदान बॅटरी तरी सोडवावी लागते. सुटा सायलेन्सर टेबलावर ठेवला की वेल्डरलाही चारी बाजूंनी हात घालता येतो आणि काम नीट होतं.

पण वेल्डिंग कधी टिकतं? भोकाच्या भोवतीचा पत्रा जाड असेल तर. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं सगळीकडे टकटक करा. धड पत्रा टणक वाजतो, सडलेला भदभद वाजतो. एखाद्या जोडाला चीर गेली असेल, सायलेन्सर गाडीला धरणारा ब्रॅकेट तुटला असेल, दगड लागून भोक पडलं असेल, तर वेल्डिंगसारखी स्वस्त आणि चांगली गोष्ट नाही. माझ्यासारखं आतून सडलं असेल तर वेल्डर एक भोक बुजवतो आणि त्याच्या आचेनं शेजारी दुसरं पडतं. मी तरी मोह धरून २५० रुपये देऊन पट्टी मारून घेतली. दिवाळीच्या आत पट्टीच्या कडेनंच पुन्हा फुटला. ते पैसे मी मूर्खपणाच्या खात्यात टाकले.

क्रोम केलेल्या भागावर वेल्डिंग करताना आधी क्रोम घासून काढायला सांगा आणि तुम्ही मात्र लांब उभे राहा, तो धूर छातीला चांगला नाही. नंतर त्या जागी उष्णता सोसणारा सिल्व्हर पेंट मारा. साधा पेंट दुसऱ्या दिवशी करपून निघतो.

नवीन घ्यायचा तर लोकल की कंपनीचा?

माझ्या गाडीला लोकल सायलेन्सर १,३५० ला मिळत होता. कंपनीच्या भागाचा भाव त्याच्या दुपटीहून वर. दोन्ही हातात घेतले की पहिला फरक वजनाचा. लोकल हलका, कारण पत्रा पातळ आणि आतल्या कप्प्यांच्या भिंती कमी. सायलेन्सर बाहेरून एक नळकांडं दिसतो, पण आत दोन-तीन खोल्या आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्या असतात. धूर एका खोलीतून दुसरीत जात वळणं घेतो, तिथं आवाज मरतो. लोकलमध्ये एखादी खोली वाचवलेली असते. गाडी मग थोडी मोकळी, पोकळ वाजते. कार्बोरेटरच्या गाडीत क्वचित हवा-पेट्रोलचं प्रमाणही जरासं हलतं.

दुसरा फरक ब्रॅकेटचा, आणि माझ्या मते तोच मोठा. लोकल सायलेन्सरचं मागचं भोक दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे असतं. दुकानदार म्हणतो, "ओढून बसतो की." ओढून बसवलं की तो ताण कुठं जातो? पुढच्या दोन स्टडवर. सहा महिन्यांनी गॅस्केट फुसफुसतो किंवा ब्रॅकेटला चीर जाते, आणि आपण रस्त्याला शिव्या देतो. चोर्ला घाटात खड्ड्यांतून आदळत गेलात तर सहा महिनेही लागणार नाहीत.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही. बऱ्याच साध्या गाड्यांत मेन स्टँड वर गेल्यावर ज्या रबरावर टेकतो, ते रबर सायलेन्सरच्या खालच्या पट्टीवर असतं. लोकलमध्ये ती पट्टी नसली किंवा बारीक असली, तर स्टँड गरजेपेक्षा वर जातो आणि खडखडतो. दुकानातच जुना आणि नवा शेजारी शेजारी धरून बघा. पुढचं फ्लँज (स्टडवर बसणारी पाटी), मागचं भोक, ही पट्टी. तिन्ही जुळल्या तर लोकल घ्यायला हरकत नाही. गाडी जुनी असेल, तीन-चार वर्षांत काढायची असेल, तर मी लोकलच घेईन. मला जो दाखवला त्यात पट्टी नव्हती, म्हणून मी कंपनीचा घेतला. तरी दुकानातून बाहेर पडताना जरा जीवावर आलंच.

जुना म्हणजे वापरलेला ओरिजिनल, भंगारवाल्याकडचा, हाही एक पर्याय लोक सांगतात. बाहेरून चकचकीत दिसला तरी आत काय आहे कळत नाही. माझाही चकचकीतच होता.

बीएस-६ वाल्यांनी इथं थांबावं

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत बेंड पाइपवर ऑक्सिजन सेन्सर असतो आणि पाइपात किंवा सायलेन्सरमध्ये धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्या मधपोळ्यासारख्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमसारख्या मौल्यवान धातूंचा थर असतो. म्हणून या सायलेन्सरचा भाव ऐकून डोळे फिरतात, आणि म्हणूनच "जुना आमच्याकडेच राहू द्या, टाकून देतो" असं कुणी गोड बोललं तर जुना उचलून घरी आणा. त्याची भंगारातली किंमत साध्या लोखंडाची नाही.

लोकलमध्ये सेन्सरसाठी आटीचं तोंड नसलं, किंवा जाळीच नसली, तर इंजिनाचा दिवा लागून राहतो आणि पीयूसीला अडचण येते. घरी काढताना सेन्सरची वायर आधी प्लगमधून सोडवा. सेन्सर फिरवला आणि वायर जोडलेलीच राहिली तर तिला पीळ बसून ती तुटते. जोडापाशी बारीक गळती राहिली तरी इथं महाग पडते. बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू जास्त सोडतो, ॲव्हरेज उतरतं. कार्बोरेटरच्या गाडीत हीच गळती थ्रॉटल सोडल्यावर फटाक्यासारखी फुटते, निदान कानाला कळते तरी.

एवढं वाचून हात शिवशिवत असतील तर नट बघा आणि ठरवा. धडधाकट नट आणि वॉरंटी संपलेली असेल तर घरीही होतं. बाकीच्यांनी सेंटरला जावं.

आणि ते फाड-फाड वाजणारे

कॉलेजच्या पोरांना सायलेन्सर बदलायचा म्हणजे मोठ्या आवाजाचा घालायचा असतो, म्हणून दोन ओळी. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज आणि प्रदूषणाचे नियम मोडल्यास कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, वर ३ महिने लायसन्स अपात्र ठरतं. कायदा केंद्राचा, त्यामुळे केए-२२ ची, म्हणजे बेळगावची, पाटी घेऊन महाराष्ट्राच्या हद्दीवरचा कोगनोळी नाका ओलांडला म्हणून सुटका नाही, इकडेही पकडतात आणि तिकडेही. जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली जाताना सगळ्यांनी बघितलेत. त्यात एखादा आपला असावा अशी हौस कुणाला असेल असं वाटत नाही.

घरीच ठरलं असेल तर

आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. गाडी थंड असताना. तापलेल्या पाइपवर तो पेट घेऊ शकतो. सकाळी पुन्हा एकदा मारा, चहा प्या, मग पाना हातात घ्या. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना पुढं १० चा पाना लागतो, मोठ्यांना १२ किंवा १३. गोटी पाना सहा बाजूंचा घ्या. बारा बाजूंचा असतो तो गंजलेल्या नटाचे कोपरे घसरवतो, आणि एकदा कोपरे गेले की भावाच्या सुपाऱ्या तयार.

स्प्लेंडरसारख्या गाडीत बेंड पाइप आणि सायलेन्सर एकाच तुकड्यात असतो, बुलेटला मध्ये क्लॅम्प असतो. क्लॅम्प आधी ढिला करा. मागचा बोल्ट बहुतेक वेळा मागच्या फूटरेस्टमधून जातो. त्यात बुश, रबर, मोठा वॉशर, छोटा वॉशर अशी उतरंड असते, काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढचे नट आधी काढायचे आणि मागचा बोल्ट शेवटी, तोवर सायलेन्सरचं वजन मागच्या बोल्टवर राहू द्यायचं. उलट केलंत तर सगळा भार पुढच्या स्टडवर लोंबतो. हातमोजे घाला, सडलेल्या पत्र्याची कड ब्लेडसारखी असते.

आता ज्या जागी सगळ्यात जास्त लोक चुकतात ती. सायलेन्सर बाहेर आला की हेडच्या तोंडात टॉर्च मारा. आत एक काळी कडी दिसेल, हेडचाच भाग असावा अशी. ती जुनी गॅस्केट. वर्षानुवर्षं दाबून, काजळीनं माखून ती हेडशी एकजीव झालेली असते. लोक ती तशीच ठेवून वर नवी घालतात, दोन गॅस्केट एकावर एक बसतात आणि जोड कधीच घट्ट होत नाही. बारीक स्क्रूड्रायव्हरनं कडेनं उचकटून काढा, ॲल्युमिनियमला ओरखडा न काढता. मला नवी चाळीस रुपयांना मिळाली. एकदा दाबली गेलेली गॅस्केट परत वापरायची नाही. नवी उभी राहत नसेल तर चिमटीभर ग्रीसनं चिकटवा. स्टडच्या आटीला कॉपर ग्रीसचा हलका हात द्या, पुढच्या वेळचे तुम्हीच स्वतःला आशीर्वाद द्याल.

बसवताना सगळे नट-बोल्ट आधी नुसते बोटांनी लावा. मग पुढचे दोन, आळीपाळीनं, थोडा हा थोडा तो, फ्लँज दोन्हीकडे सारखा बसेपर्यंत. मग क्लॅम्प, मग मागचा बोल्ट. टॉर्क पाना, म्हणजे किती जोर लागला ते मोजणारा, असेल तर एम-६ च्या (सहा मिलिमीटरच्या) स्टडला १० न्यूटन मीटरच्या आसपास पुरतं. नसेल तर छोटा पाना मुठीत नाही, तीन बोटांत धरून आवळा. जोर कमी पडतोय असं वाटतं, पण पुरतो.

सुरू करण्याआधी सायलेन्सरवरचे बोटांचे ठसे पेट्रोलच्या फडक्यानं पुसा आणि पेट्रोल उडून जाऊ द्या. राहिलेला ठसा तापल्यावर क्रोमवर कायमचा उमटतो. माझ्या सायलेन्सरवर माझा अंगठा आहे, ओळखपत्रासारखा. मग गाडी अंगणात, उघड्यावर सुरू करा, बंद पडवीत नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटं धूर येईल, तो नव्या पत्र्यावरच्या तेलाचा. इंजिन थंड असतानाच, सुरू केल्यावर लगेच, सायलेन्सरच्या तोंडाशी जाड ओलं फडकं क्षणभर धरा. जोडातून 'फुस्स' ऐकू आलं तर गळती आहे.

साधारण शंभर किलोमीटर झाले की, इंजिन पूर्ण थंड असताना, तेच दोन नट पुन्हा बघा. माझ्या एका नटानं पाव फेरा घेतला, दुसरा जागचा हलला नाही. भावाचे मिस्त्रीमामांनी बसवलेले, दोन्ही नवे, पितळी. तेही मीच बघितले, कारण मामांनी सांगूनही तो परत गेलाच नव्हता. एकाला अर्धा फेरा बसला.